कॉफीची हिशेबवही आणि साम्राज्य : ‘माक्स हावेलार’ या कादंबरीचे पुनर्वाचन

प्रस्तावना

युरोपीय राष्ट्रांच्या सागरपार साम्राज्यवादाचा विचार आपल्याकडे बहुधा इंग्रजी राजवटीच्या अनुषंगानेच होतो. डच साम्राज्याचा उल्लेख मसाल्याच्या व्यापारापुरता येतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी १७९९ च्या अखेरीस विसर्जित झाली. त्यानंतरच्या शतकात जावा बेटावर वसाहतवादाचे अत्यंत कठोर असे आर्थिक रूप उभे राहिले. त्या रूपाची साक्ष म्हणून ‘माक्स हावेलार’ (१८६०) या डच कादंबरीकडे पाहिले जाते. ‘मुल्टाटुली’ या टोपणनावाने ती लिहिणारा एदुआर्द दाउवेस डेकर (१८२०-१८८७) स्वतः वसाहतीच्या सेवेतील अधिकारी होता. सदर कादंबरी साम्राज्यवादविरोधी आहे, हा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाचा आधार घेतला आहे.

लागवड पद्धतीची पार्श्वभूमी

दिपोनेगोरो या राजपुत्राच्या नेतृत्वाखाली १८२५ ते १८३० या काळात झालेल्या जावाच्या युद्धाने डच खजिना रिता केला. १८३० मध्ये बेल्जियमही फुटून निघाले. याच वर्षी गव्हर्नर-जनरल योहानेस फान देन बॉश याने ‘लागवड पद्धती’ लागू केली. गावाने आपल्या जमिनीच्या पाचव्या हिश्श्यात सरकार सांगेल ते पीक, म्हणजे कॉफी, ऊस वा नीळ, घ्यावे आणि सरकार ठरवील त्या दराने ते द्यावे, अशी ही योजना होती. प्रत्यक्षात पाचव्या हिश्श्याची मर्यादा कागदावरच राहिली. या यंत्रणेची खरी किल्ली निराळीच होती. जमा होणाऱ्या मालावर युरोपीय अधिकाऱ्यांना आणि जावातील वंशपरंपरागत सरदारांना, म्हणजे ‘रीजंटां’ना, टक्केवारी मिळत असे. जुलूम करण्यात दोघांचाही वाटा होता आणि तो वाटा नियमाने ठरवून दिलेला होता. १८४३-४४ मध्ये चिरेबोन आणि १८४९-५० मध्ये देमाक व ग्रोबोगान या भागांत दुष्काळ पडले. त्याच काळात हॉलंडच्या तिजोरीत शिल्लक वाढत होती. १८३१ ते १८७७ या काळात जावातून तेथे गेलेली रक्कम ऐंशी कोटी गिल्डरांहून अधिक भरते.

कादंबरीची रचना आणि तिची मर्यादा

या साऱ्या व्यवहाराचा खरा साहित्यिक साक्षात्कार कादंबरीचा नायक हावेलार याच्यात नाही. तो बाटावुस ड्रोखस्टॉपल या कॉफीच्या दलालात आहे. कादंबरी त्याच्याच तोंडून सुरू होते. ॲमस्टरडॅमचा हा सज्जन वेळेचा पक्का, चर्चला जाणारा, आणि कविता व कादंबऱ्या या खोट्या गोष्टी मानणारा आहे. एका दरिद्री शाळासोबत्याने, ‘शालवाल्या’ने, दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्याला कॉफीच्या बाजारावर पुस्तक काढावयाचे आहे. त्याच गठ्ठ्यातून हावेलारची कहाणी बाहेर पडते आणि दलाल अस्वस्थ होतो. ड्रोखस्टॉपल कोणावर हात उगारत नाही. जावा त्याने पाहिलेलेही नाही. त्याला जावातील माणूस दिसतच नाही, दिसते ती केवळ लिलावातील कॉफी. धर्मोपदेशकाचे जावावासीयांना श्रमांतून देवाकडे आणण्याचे प्रवचन त्याला मनापासून पटते, कारण त्या श्रमांतून कॉफीही येते. साम्राज्य दूरच्या बेटावर तलवारीने चालते, त्याचप्रमाणे ते घरी बसलेल्या अशा सदाचारी माणसाच्या हिशेबवहीतूनही चालते, हे मुल्टाटुलीने जितक्या नेमकेपणे पकडले तितके त्या शतकात फार थोड्यांना जमले.

मात्र कथानक लेबाकला पोहोचले की दृष्टी बदलते. १८५६ च्या प्रारंभी डेकर लेबाकचा साहाय्यक रेसिडेंट झाला. रीजंट रयतेकडून वेठ घेतो व म्हशी हिरावतो, असा आरोप त्याने केला. वरिष्ठांनी साथ दिली नाही, तेव्हा काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. कादंबरीत ही हकीकत जवळजवळ तशीच येते. परिणामी दोषाचे केंद्र जावातील सरदार आणि त्याला पाठीशी घालणारा भित्रा रेसिडेंट यांच्याकडे सरकते. टक्केवारीने दोघांना बांधणारी मूळ व्यवस्था मागे राहते. रॉब न्यूवेनहाउस या डच अभ्यासकाने १९८७ मध्ये हा लेबाकचा वाद पुन्हा तपासला. जावातील सरदार व रयत यांचे पारंपरिक संबंध डेकरला समजले नव्हते, असे त्यांचे मत आहे. हे मत मान्य केले तरी रयतेचा जाच खोटा ठरत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

सायजा आणि अदिंदा यांचे उपाख्यान हा कादंबरीचा सर्वांत हृदयद्रावक भाग होय. सायजाच्या बापाच्या म्हशी एकामागून एक नेल्या जातात. शेवटी डच सैन्याने नुकत्याच ‘जिंकलेल्या’, म्हणून जळत असलेल्या गावात सायजाला अदिंदाचे प्रेत सापडते. येथे लेखकाने ‘म्हणून’ या एका शब्दात सारे भरले आहे. तरीही अदिंदेला कादंबरीत स्वतःचा आवाज नाही. अखेरीस मुल्टाटुली पात्रांना बाजूला सारून स्वतः लेखणी हाती घेतो आणि दाद मागतो ती राजा तिसरा विल्यम याच्याकडे! साम्राज्य असावे, पण ते न्यायी असावे, ही त्याची मागणी आहे. दादाभाई नौरोजींच्या १९०१ च्या ग्रंथाच्या नावातही हिंदुस्थानातील राज्य ‘ब्रिटिश परंपरेला न शोभणारे’ ठरविले होते, हे येथे आठवते. फरक असा की दादाभाई लुटीच्या रकमा मोजत होते, आणि ते लुटल्या गेलेल्यांपैकीच एक होते.

अशा आर्जवाची मर्यादा लगेच दिसून आली. १८६१ मध्ये कलकत्त्याचे वकील जे. डब्ल्यू. बी. मनी यांनी जावावर ग्रंथ लिहून हीच लागवड पद्धती हिंदुस्थानासाठी अनुकरणीय ठरविली. पुढे काँगोचा धनी झालेला बेल्जियमचा लिओपोल्ड या ग्रंथाने भारावून गेला होता. जावात ऊस सक्तीतून सोडविण्याचा कायदा १८७० मध्ये आला. कॉफीची सक्ती मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकली. आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराच्या कॉफीला जे प्रमाणचिन्ह मिळाले, त्याचे नाव ‘माक्स हावेलार’! ड्रोखस्टॉपलला ही विक्रीची युक्ती खचितच आवडली असती.

कादंबरीचे ऋण इंडोनेशियाच्या प्रामुद्या अनंता तूर यांनी मोकळेपणाने मानले. या पुस्तकाने वसाहतवाद मारला, असा त्यांचा अभिप्राय होता. परंतु त्यांच्या ‘बुमी मानुसिया’ (१९८०) या कादंबरीत हिशेबवही निराळ्या हाती आहे. साखर कारखान्यात खजिनदाराची जागा मिळावी म्हणून बापाने गोऱ्या व्यवस्थापकाला विकलेली न्याई ओंतोसोरोह डच भाषा शिकते, जमाखर्च शिकते आणि सारा व्यवसाय उभा करते. तिच्या वहीत एकही चूक नाही. मालकाच्या मृत्यूनंतर ॲमस्टरडॅमचे न्यायालय ती सारी मालमत्ता त्याच्या कायदेशीर युरोपीय वारसाच्या ताब्यात देते, आणि तिची मुलगीही बोटीवर चढविली जाते.