रिकामी झोळी आणि यजमानाचे दार

शिष्यांना प्रचारार्थ धाडताना येशूने केलेल्या आज्ञांचा विचार बहुधा वैराग्याच्या अंगाने केला जातो. झोळी नको, भाकरी नको, कमरेला पैसा नको. ईश्वर पुरवील, असा त्यांचा सारांश सांगण्यात येतो. शुभवर्तमानांतील पाठ शेजारी ठेवून वाचले असता हा सारांश अपुरा ठरतो.

मार्काच्या सहाव्या अध्यायात काठी व वहाणा यांना मुभा आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात दोन्ही वर्ज्य आहेत. लूकाच्या नवव्या अध्यायातही काठीस मनाई आहे. या विसंगतीचा मेळ घालण्याची खटपट टीकाकारांनी पुष्कळ केली. परंतु तिन्ही पाठांत जे कायम राहते ते अधिक महत्त्वाचे: ज्या घरात उतरावे तेथेच गाव सोडीपर्यंत राहावे. म्हणजे प्रवाशाच्या अपरिग्रहास यजमानाच्या आतिथ्याची जोड गृहीत धरलेली आहे. मत्तय कामकऱ्यास अन्नास पात्र म्हणतो, तर लूक दहाव्या अध्यायात वेतनास. ईश्वर पुरवितो खरे; पण ते अन्न कोणाच्या तरी चुलीवरच शिजलेले असते.

हा भार पुढे जाचक झाला असावा. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे ब्रिएन्निओस यांस सापडलेल्या व १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात त्याची साक्ष मिळते. फिरत्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना पुढील मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसा मागितल्यास तोही खोटाच. येथे नियम पाहुण्याच्या पुण्यासाठी नसून यजमानाच्या रक्षणासाठी आहे. पौलानेही करिंथकरांस लिहिताना उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण स्वतः तो बजावला नाही.

या आज्ञेस सार्वकालिक नियम मानणाऱ्यांनी लूकाचा बाविसावा अध्यायही ध्यानी घ्यावा. तेथे येशू स्वतःच शिष्यांस आता थैली व झोळी बरोबर घेण्यास सांगतो. कारण दारे बंद होण्याची वेळ आली आहे. तेव्हा रिकाम्या झोळीचे मोल तिच्या रितेपणात नाही. दार उघडणारा कोणी असेल, या विश्वासात ते आहे. आणि त्या विश्वासाचा गैरफायदा न घेण्याचे बंधन प्रवाशावरच पडते. केवळ प्रवाशाच्या त्यागाचे गुणगान करणारी टीका या आज्ञेचा अर्धाच भाग वाचते.