न टिकणारं संयुग

फ्लोरीन मोकळा करायचा तर वीजच हवी, हे आंरी म्वासाँ यांच्या १८८६ च्या प्रयोगापासून जवळजवळ ठरूनच गेलं होतं. ते साहजिकही होतं. मूलद्रव्यांत फ्लोरीनएवढा जबर ऑक्सिडक दुसरा नाही. मग फ्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेणार कोण? बरोबर शंभर वर्षांनी कार्ल क्रिस्टे यांनी एका छोट्याशा शोधनिबंधात विजेशिवाय ते करून दाखवलं. तो वाचताना मी दर वेळी रेंगाळतो पोटॅशियम हेक्झाफ्लोरोमँगनेटपाशी.

हे संयुग तयार होतं ते पूर्वी विहिरीत टाकत त्या जांभळ्या परमँगनेटपासून. थंड, संहत हायड्रोफ्लोरिक आम्लात पोटॅशियम फ्लोराइडसोबत ते घ्यायचं (भांडं प्लॅस्टिकचं, काच हे आम्ल खाऊन टाकतं) आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचं. ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, जांभळा रंग ओसरतो, तळाशी सोनेरी पिवळे स्फटिक बसू लागतात. मँगनीज अधिक सातवरून अधिक चारवर उतरलेलं असतं. सगळं कसब वेळेवर थांबण्यात आहे. पेरॉक्साइड जास्त झालं की मँगनीज अधिक दोनपर्यंत घसरतं आणि हाती आलेलं पिवळं निसटतं. सहा फ्लोराइडांच्या मधोमध बसलेलं अधिक चार मँगनीज मात्र बिनघोर असतं. पाण्यात टाकलं, तरच तपकिरी पडून विस्कटतं.

क्रिस्टे यांनी त्याचा हा बिनघोरपणाच मोडला. प्रबळ आम्ल दुर्बळ आम्लाला त्याच्या क्षारातून हुसकावतं, हा नियम शाळेतलाच. इथे प्रबळ आहे अँटिमनी पेंटाफ्लोराइड, लुईस आम्लांतलं दांडगं नाव. सुमारे १५० अंश सेल्सिअसला ते पिवळ्या क्षारातले फ्लोराइड आयन बळकावतं आणि मँगनीज टेट्राफ्लोराइडला उघडं पाडतं. ते त्या तापमानाला तग धरत नाही. मागे ट्रायफ्लोराइड उरतं आणि फ्लोरीन वायू सुटतो. इलेक्ट्रॉन काढून घेतला तो आत बसलेल्या मँगनीजनेच!

दोन्ही द्रव्यं फ्लोरीन वायू न वापरता बनवता येतात. नाहीतर दाव्यात काही रामच उरला नसता. शिवाय दोन्ही ऐंशीहून अधिक वर्षं रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होती. मला या निबंधातलं सगळ्यात देखणं वाटतं ते हेच, की त्यात नवं द्रव्य एकही नाही.

कारखान्यांना याचं सोयरसुतक नाही. तिथे फ्लोरीन अजून विजेनेच काढतात. पिवळ्या क्षाराला काम मिळालं ते भलतीकडेच: निळा प्रकाश शोषून लाल प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या फॉस्फरमध्ये मँगनीज पुरवण्याचं.