२०१६ची माझी गाणी आणि एक रिंगटोन

डिसेंबर आला की मी वहीच्या मागच्या पानावर वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांची यादी करतो. अकरावीपासूनची सवय आहे. यादी कुणाला दाखवत नाही, कारण त्यात दरवर्षी एखादं तरी लाजिरवाणं गाणं असतंच. यंदा बसलो तर पहिली चार नावं सरळ एकाच सिनेमाची उतरली. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, ही यादी नाही, हा तर ‘सैराट’च्या कॅसेटचा मागचा कागद झाला.

तुमचंही तेच झालं असणार. पण मी कर्जत तालुक्यातला, नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा. मिरजगाव सोडलं की पुढं करमाळा, म्हणजे सिनेमा जिथं घडतो आणि चित्रित झाला तो मुलूख आमच्या शेजारचाच. तिथलं बोलणं आमचंच, ऊस आमचाच, बुलेट फिरवणारी पोरं आमचीच. त्यामुळं ही गाणी मला नुसती आवडली असं म्हणून सुटका होत नाही.

आधी ऐकण्याबद्दल. यंदाचं वर्ष माझ्यासाठी दोन तुकड्यांत मोडलेलं आहे. ऑगस्टपर्यंत मेमरी कार्ड, सप्टेंबरपासून जिओ. ऑगस्टपर्यंत गावातल्या मोबाइलच्या दुकानात तीस रुपये देऊन कार्ड भरून आणायचो. दुकानदार आपल्या मनानं फोल्डर टाकायचा: ‘न्यू मराठी डीजे’, ‘भक्ती’, ‘सॅड’, ‘सैराट फुल’. गायकाचं नाव नाही, संगीतकाराचं नाही, फाइलला नाव कुठल्यातरी वेबसाइटचं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, आधारची झेरॉक्स घेऊन पोरं रांगेत उभी राहिली आणि महिनाभरात सगळं गाव यूट्यूबवर गेलं. पण ‘सैराट’ची गाणी कार्डावरच पसरली. सिनेमाच्या आधी गाणी आली, २९ एप्रिलला सिनेमा आला, तोवर आम्हाला सगळी पाठ होती. सिनेमापासून सुटी झालेली गाणी आम्ही आधी ऐकली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढं येतोच त्यावर.

यादीत पहिलं ‘याड लागलं’. याबद्दल नगरच्या आमच्या रूमवर मोठं भांडण झालं होतं. अजय-अतुलनी या सिनेमाची गाणी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून वाजवून घेतली, हे सगळ्या पेपरांत आलं होतं. रूममेट म्हणाला, “करमाळ्याच्या पोराच्या प्रेमाला हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा कशाला पायजे? हलगी, संबळ असतं तर खरं वाटलं असतं.” ऐकायला बरोबर वाटतं, पण मला पटलं नाही. खेडं दाखवायचं म्हटलं की हलगी, संबळ, तुणतुणं हा नियम कुणी केला? परश्या मासे मारणाऱ्याचा पोरगा आहे, क्रिकेट खेळतो, कविता लिहितो. त्याच्या आत जे चाललंय ते गावाएवढंच असलं पाहिजे असं कुठंय? त्याच्या छातीतला आवाज शंभर व्हायोलिनचा असेल तर शंभर व्हायोलिनच वाजली पाहिजेत.

आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर शब्द कुठला बसलाय, तर ‘याड’. आम्ही शाळेत ‘याड’ म्हटलं की मास्तर ‘वेड’ म्हणायला लावायचे, ‘पानी’चं ‘पाणी’ करायला लावायचे. निम्मी पोरं त्यामुळंच वर्गात तोंड उघडायची नाहीत. अजय गोगावलेंचा आवाज वरच्या पट्टीत गेला की कडेला जरासा फाटतो, तो फाटू दिलाय आणि तो शब्दही कुणी दुरुस्त केलेला नाही. एवढ्या थाटात आमचं बोलणं जसंच्या तसं ऐकायला मिळालं, हे पहिल्यांदाच. माझ्यासाठी हे वर्षातलं सगळ्यात मोठं गाणं आहे ते यामुळं. ‘सैराट झालं जी’मध्ये तीच वाद्यं मला जास्त गोड लागतात. चिन्मयी छानच गाते, पण ते गाणं मी चौथ्यावर ढकललं.

दुसरं ‘आताच बया का बावरलं’. श्रेया घोषालच्या आवाजाबद्दल तक्रार आहे: तो फार धुतलेला, इस्त्रीचा आहे. ग्रामीण शब्द ती नीट उच्चारते, इतका नीट की ते शिकलेले आहेत हे कळतं. तरीही हे गाणं वर ठेवतो, कारण यात बघणारी मुलगी आहे. आपल्याकडं मुलीला बघतात, मग ती लाजते, मग गाणं संपतं. इथं तिला जे होतंय ते तीच सांगते, आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची ते सांगतेय.

हे गाणं मी नीट ऐकलं ते चुलत बहिणीमुळं. ती बारावीला. ‘झिंगाट’ ती स्पीकरवर लावायची, काकांसमोर, स्वयंपाकघरात भाकरी थापताना. हे मात्र इअरफोन घालूनच. काका आले की इअरफोन कानातून खाली. मला तेव्हा गंमत वाटली: धिंगाण्याचं गाणं उघड चालतं आणि मनातलं गाणं लपवावं लागतं. मग १३ जुलैला कोपर्डीत त्या पोरीसोबत जे झालं ते झालं. कोपर्डी आमच्याच तालुक्यात. त्यानंतरच्या आठवड्यात काकांनी बहिणीचा फोन काढून घेतला. क्लासला जाणं बंद. पारावर लोक बोलायला लागले की सिनेमानं पोरंपोरी बिघडवली. एका पोरीवर पुरुषांनी अत्याचार करून तिला मारून टाकलं आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या पोरींच्या कानातली गाणी बंद झाली. हे काकांना मी बोलून दाखवलं नाही. मोर्चाला मात्र त्यांच्यासोबत गेलो. सप्टेंबरात नगरला लाखो माणसं मुक्यानं चालली, घोषणा नाही, वाद्य नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

मधली नावं भराभर सांगतो. ‘व्हेंटिलेटर’मधलं ‘बाबा’: प्रियंका चोप्राला मराठीत गाताना ऐकून आधी हसलो, मग वडलांना फोन केला. ‘चन्ना मेरेया’: हिंदीतलं एवढंच, अरिजितचं, आणि यादीतलं लाजिरवाणं गाणं म्हणजे हेच, कारण काही संबंध नसताना रडलोय. ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधलं ‘डॉल्बीवाल्या’: आपल्याकडच्या पोरांची डॉल्बीची हौस नेमकी पकडलेली, पण तिसऱ्यांदा ऐकताना दमतो.

आता ‘झिंगाट’. मे महिन्यात मी सात लग्नांना गेलो आणि सातही वरातीत ते वाजलं. कुठं डॉल्बी, कुठं बेंजो पार्टी, एका ठिकाणी पितळी बँडवाल्यांनी तुतारीसारखं फुंकून वाजवलं तेही. ज्यांनी जन्मात पाय हलवला नाही ते सोसायटीचे चेअरमन नाचले. बायका मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभ्या राहून बघतात, त्यातल्या चारदोन खाली उतरल्या. गाणं म्हणून त्याची कारागिरी साधी आहे. ते व्हायोलिन यात नाहीत, ठोका पहिल्या सेकंदाला पकडतो आणि सोडत नाही. नाचायचं गाणं असंच असावं. अजय-अतुल दोघंही तारस्वरात ओरडून गातात, गातायत की भांडतायत कळत नाही. मीही नाचलो, शर्ट पिळून निघेस्तोवर.

पण सिनेमात ते कुठं येतं ते आठवा. आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा वाढदिवस आहे. वाड्यावर मांडव, बॅनर, डीजे. परश्या आणि त्याचे मित्र घुसून नाचतात, आर्चीही नाचते. गाणं संपतं आणि त्याच रात्री दोघं सापडतात. तिथून मारहाण, पळापळ, पोलीस ठाणं, हैदराबाद. ‘झिंगाट’नंतर सिनेमात एकही गाणं नाही. चारही गाणी मध्यंतराच्या आत संपतात. नागराज मंजुळेंनी जवळपास तीन तासांच्या सिनेमात पहिल्या अर्ध्याला सगळं संगीत दिलं, दुसऱ्या अर्ध्याला स्टोव्हचा आवाज, भांड्यांचा आवाज, झोपडपट्टीतला कालवा. शेवटी तर तोही काढून घेतला. ते लहान पोर रक्ताचे पाय उमटवत चालत जातं तेव्हा थिएटरात कसलाच आवाज नव्हता. नगरला मी पाहिला त्या शोला पहिल्या अर्ध्यात पोरं पडद्यासमोर नाचत होती, नाणी उडवत होती. तीच पोरं बाहेर पडताना चप्पल घासत गेली.

मेमरी कार्डानं नेमकं हे केलं: पहिला अर्धा फोल्डरमध्ये भरून दिला. आम्ही सहा महिने मध्यंतराच्या आधीच राहिलो. दर वरातीत ‘झिंगाट’ संपायचं आणि पुन्हा ‘झिंगाट’ लागायचं, दोघं सापडायची ती रात्र यायचीच नाही.

आमच्या जिल्ह्यात ती रात्र सिनेमाच्या आधीच आलेली होती. खर्डा, जामखेड तालुका, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित पोरगा, गावातल्या वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून मारून झाडाला टांगला. त्याला दोन वर्षं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘सैराट’ लागला. त्याआधी २०१३ला सोनई, नेवासा तालुका, तिघं. २०१६ला खटले चालूच होते. आमच्या गावातून खर्ड्याला एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

मेमधल्या पाचव्या लग्नात माझा कॉलेजचा मित्र आला होता. तो शेजारच्या गावचा, बौद्ध. नगरला आम्ही एका रूमवर राहतो, वर जे व्हायोलिनवरून भांडण सांगितलं ते त्याच्याशीच. रूमवर ‘झिंगाट’ लागलं की टेबल वाजवणारा तोच. वरातीत मात्र तो कडेला, दुकानाच्या फळीवर बसून राहिला. मी ओढायला गेलो तर म्हणाला, “तू नाच की. मी बघतो हितून.” मी पुन्हा आत घुसलो. का बसला हे मला तेव्हा कळलं नाही असं लिहिणार होतो, पण कळलं होतं.

त्याच्यामुळं यादीत एक गाणं वाढलं. फेब्रुवारीत ‘पोश्टर गर्ल’ आला, त्यातलं ‘आवाज वाढव डीजे’. संगीत अमितराज, आवाज आनंद आणि आदर्श शिंद्यांचे. गाणं म्हणून ‘झिंगाट’च्या खालचं, पण आवाज! शिंदे घराण्याचा आवाज घशातून येत नाही, बेंबीपासून उसळतो, आणि भोंग्यातून ऐकावा यासाठीच घडल्यासारखा आहे. माइक लांब धरून चौकातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची ती तालीम आहे. प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठल गायला आणि भीमगीतंही गायली, आमच्या आजीची पहाट त्यांच्याच विठ्ठलानं व्हायची. यंदा बाबासाहेबांची १२५वी जयंती होती, एप्रिलभर नगरच्या चौकाचौकात हाच घराण्याचा आवाज होता. मग मेमध्ये वरातीत तोच आवाज डीजेला आवाज वाढवायला सांगतोय आणि सगळं गाव नाचतंय.

मित्राच्या फोनला भीमगीताची रिंगटोन आहे. नगरमध्ये ती खणखणीत वाजते. शुक्रवारी आम्ही माळीवाड्याच्या स्टँडवरून गाडी धरतो, आणि मिरजगाव आलं की तो खिशातून फोन काढून व्हायब्रेटवर टाकतो. दोन वर्षं मी ते बघत होतो, मला वाटायचं आईवडलांच्या धाकानं. गेल्या वर्षी मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित पोराला मारून टाकलं. लग्नाला आला होता तो. बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला असं तक्रारीत होतं. ती बातमी आम्ही रूमवर एकाच पेपरात वाचली. त्यानं पेपर घडी घालून ठेवला आणि चहा टाकला.

म्हणून आवडतं गाणं कुठलं, हा प्रश्न आमच्याकडं वाटतो तेवढा हलका नाही. माझं आवडतं गाणं मी कुठंही, कितीही मोठ्यानं वाजवू शकतो. बहीण इअरफोनमध्ये वाजवते. मित्र मिरजगावपर्यंत. तिघांच्याही फोनमध्ये आवाज तेवढाच, बटण तेच. आणि शिंद्यांचा आवाज सगळ्यांना पाहिजे, तो काय गातोय त्यावर आवाज कमी करायचा की वाढवायचा हे गाव ठरवतं.

तर यादी अशी: ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘झिंगाट’, ‘सैराट झालं जी’, ‘आवाज वाढव डीजे’, ‘बाबा’, ‘चन्ना मेरेया’. ‘डॉल्बीवाल्या’ खोडलं. आठव्या जागी ‘सैराट’चा दुसरा अर्धा लिहिलाय, ज्यात गाणं नाही.

यंदा पहिल्यांदा यादी कुणालातरी दाखवली. मित्रानं वाचली, आठव्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “चन्ना मेरेया काढ, लाज आण.” मग पेन घेऊन त्यानं खाली एक नाव लिहिलं, त्याच्या रिंगटोनचं. ते गाणं यंदाचं नाही, माझ्या जन्माच्या आधीचं आहे, नियमात बसत नाही असं मी म्हणालो. तो म्हणाला, “मंग वहीत नको, फोनमधी घे.” घेतलंय. पहिल्या कडव्यात पेटी जरा बेसूर आहे, त्यानंतर कोरस उचलतो तिथून गाणं धरतं. शुक्रवारी गावाला जायचंय.