६१७४ : नुसता चमत्कार नको, कारणही हवे

आज बोलायचे आहे ते एका संख्येबद्दल आणि आपल्या शाळांतून तिचे जे कौतुक चालते त्याबद्दल. कौतुकाला आमचा विरोध नाही. ते जिथे थांबते, तिथे आमची तक्रार आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ ची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, तर १९९९ च घेऊ. ९९९१ − १९९९ = ७९९२. पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. त्यानंतर ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी तिथेच थांबली!

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात आम्ही पाहुणे म्हणून बसलो होतो. सरांनी हीच गंमत फळ्यावर केली, मुलांनी पाच-सहा संख्या करून पाहिल्या. मग तीन अंकी संख्या झाल्या, त्या ४९५ वर थांबल्या. सर म्हणाले, "बघा, किती का अंक असेनात, शेवटी एकच संख्या येते. सिद्ध झालं." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र दोन अंकांवर खटपट करत होती. ५२ − २५ = २७. मग ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७. ती म्हणाली, "सर, हे थांबतच नाही." सर म्हणाले, "कुठंतरी चुकली असशील, पुन्हा कर." तिने रबर घेतले आणि सगळे खोडून टाकले.

तिचे काहीही चुकले नव्हते. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यातच फिरत राहतात. पाच अंकी संख्यांनाही असे फेरेच आहेत, त्यांचा शेवट एका संख्येत होत नाही. वर्गात त्या दिवशी जे एकमेव खरे गणित झाले, ते खोडले गेले. आणि आम्ही पाहुणे, गप्प बसलो. ती गोष्ट आजही मनाला लागून आहे.

चूक एकट्या सरांची नाही, बरं का. आपली सवयच तशी आहे. नियम सांगायचा, तीन उदाहरणांनी पडताळा घ्यायचा आणि पुढे जायचे. नववीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असतात, पण पोरे त्या पाठ करतात. म्हणजे एकीकडे सिद्धतेशिवाय आकृतिबंध आणि दुसरीकडे प्रश्नाशिवाय सिद्धता. दोन्हींची गाठच पडत नाही.

आता आमच्या विषयाकडे येऊ. नव्यन्यायात हा वाद फार जुना आहे. मातीपासून झालेली, म्हणजे पार्थिव, वस्तू लोखंडाने कोरली जाते, हे शंभर वेळा पाहिले. म्हणून व्याप्ती ठरली का? नाही. हिरा पार्थिव मानला जातो, पण तो लोखंडाने कोरला जात नाही. याला ते व्यभिचार म्हणतात, आपण प्रतिउदाहरण म्हणू. शंभर वेळा पाहिलेले एका हिऱ्यापुढे टिकत नाही. त्या मुलीच्या वहीत हिराच होता की!

कोणी म्हणेल, अनुभवावरून अनुमान करायचेच नाही का? करायचे, हो. आपला शेतकरी मृगाचा अंदाज घेऊनच पऱ्हे टाकतो. एका साली पाऊस दगा देतो, म्हणून तो अंदाज सोडत नाही. शेतात 'बहुधा' चालते. गणितातही अटकळ बांधायला 'बहुधा' चालते, पण 'नेहमी' म्हटले की एकच उलटे उदाहरण पुरे होते.

मग ६१७४ चे काय? तेही नुसते पाहिलेलेच ना? इथेच खरी मजा आहे आणि नेमकी तीच आपण मुलांना देत नाही. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरा. पहिली वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकीच येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंतचा. अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४. सुरुवातीच्या संख्या ९,९९०, पण पहिल्या पायरीनंतर उरतात फक्त ५४! वर्गातल्या मुलांनी त्या वाटून घ्याव्यात, पुढचे शून्य न गाळता प्रत्येक संख्या शेवटपर्यंत न्यावी. सगळ्या ६१७४ ला पोचल्या की ती सिद्धता झाली. कारण आता पाहायचे काहीच शिल्लक राहिले नाही. पाच-सहा उदाहरणांचा पडताळा आणि या ५४ उदाहरणांची तपासणी यांत हाच फरक आहे. हे आठवीच्या बीजगणितात बसते.

कापरेकर मास्तर होते, जादूगार नव्हते. त्यांच्या संख्येला भिंतीवरचा चमत्कार करून ठेवणे हा त्यांचा मान नव्हे. शिक्षक मित्रांना आमची एवढीच विनंती आहे. पोरगी म्हणाली "हे थांबत नाही", तर तिला आधी फळ्याजवळ बोलवा. चूक असेल तर ती सगळ्यांसमोर सापडेल. नसेल, तर त्या दिवशीचा पाठ तिथूनच सुरू करा.