अंदमानचे घड्याळ : दुखणे एक, औषध दुसरे

प्रमाणवेळेचा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. अंदमानात संध्याकाळी पाचलाच दिवस मावळू लागतो. मग युरोप-अमेरिकेसारखे तिथेही उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे का करत नाहीत? प्रश्न चांगला आहे, पण त्यातला उपाय चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे प्रमाणवेळेवरच्या लोकप्रिय लेखनात क्वचितच स्पष्ट होते, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

दिवस किती तासांचा, हे अक्षांश आणि ऋतू ठरवतात. तो दिवस घड्याळात किती वाजता उगवतो आणि मावळतो, हे मुख्यतः रेखांशावर अवलंबून असते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. नांदेड ७७.३ अंशांवर, म्हणून तिथला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २१ मिनिटांनी होतो, लातूर ७६.६ अंशांवर, तिथे १२ वाजून २४ मिनिटांनी. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) आहे ९२.७ अंशांवर, तिथे मध्यान्ह ११ वाजून १९ मिनिटांनीच होऊन जातो. सूर्याच्या हिशेबाने नांदेड आणि हे बेट यांच्यात तासाभराचे अंतर आहे, घड्याळ मात्र एकच.

आता ऋतू पाहू. लंडनमध्ये जून आणि डिसेंबरच्या दिवसमानात साडेआठ तासांहून अधिक फरक पडतो. नांदेडला तो सुमारे सव्वादोन तास, तर पोर्ट ब्लेअरला १ तास २० मिनिटांच्या आसपास. उन्हाळ्यातला पहाटेचा जादा उजेड संध्याकाळच्या वापरात आणणे, हा 'डेलाइट सेव्हिंग'चा हेतू. अंदमानात असा जादा उजेड मुळातच थोडा. २१ जूनला तिथे सूर्य सुमारे ४.५७ला उगवतो आणि ५.४५ला मावळतो, २१ डिसेंबरला ५.३४ला उगवून पाचच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करून हिवाळ्यात मागे आणले, तर जूनची संध्याकाळ पावणेसातपर्यंत लांबेल. पण तक्रार ज्या डिसेंबरबद्दल आहे, तो आहे तिथेच राहील! दुखणे रेखांशाचे आणि औषध ऋतूचे, असा हा प्रकार आहे.

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलेल्या प्रस्तावात ही गफलत नाही. ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबार यांना वर्षभर एक तास पुढची प्रमाणवेळ द्यावी, सीमा ८९ अंश ५२ मिनिटे पूर्व या रेखांशावर असावी, असे तो सुचवतो. निदान बरोबर आहे. माझा आक्षेप एवढाच, की दोन भिन्न प्रदेशांची एकच मोट बांधली आहे. जमिनीवर वेळेची सीमा आखली की रेल्वेची घड्याळे बदलण्याचा आणि त्यात चूक होण्याचा प्रश्न येतो. बेटांवर रेल्वे नाही आणि मुख्य भूमी सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. तेव्हा अंदमानचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. शिवाय घड्याळ न बदलता शाळा-कचेऱ्यांच्या वेळा अलीकडे आणता येतात. आसामच्या चहामळ्यांत तासभर पुढची 'बागान' वेळ चालत आली आहे.

बंगळूरच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज'मधील अभ्यासकांनी २००७ मध्ये वेगळा उपाय सुचवला : सबंध देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे न्यावे. संध्याकाळची वीज वाचेल, हे त्याचे मुख्य समर्थन. पण त्याची किंमत पश्चिमेकडच्यांना मोजावी लागेल. जानेवारीच्या मध्याला नांदेडचा सूर्योदय ६.५७चा, तो ७.२७ला जाईल. सात वाजता भरणाऱ्या शाळेसाठी आपल्या मुलांना काळोखातच घर सोडावे लागेल. विजेच्या हिशेबात हा काळोखही धरला पाहिजे.

प्रमाणवेळ हा निसर्गनियम नव्हे, सोयीसाठी केलेला करार आहे. ती १९०६ मध्ये लागू झाल्यावरही मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५पर्यंत जपली होती. करार बदलता येतो. मात्र कशासाठी बदलायचा, हे आधी नीट कळले पाहिजे.

शिक्षकांनी हे वर्गाबाहेर दाखवावे. १५ एप्रिल, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या दिवसांच्या आसपास सौर वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांत जवळजवळ फरक नसतो. अंगणात सरळ काठी रोवा. सकाळी सावलीच्या टोकातून, काठी मध्यबिंदू धरून, वर्तुळ काढा. दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल. दोन्ही वेळांचा मध्य काढा. नांदेडला १२.२१, लातूरला १२.२४च्या आसपास उत्तर येईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : हीच काठी अंदमानात रोवली तर?