स्मशान, रोजी आणि मरणाचा विचार

स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्था पाहून भिक्खूने आपल्याही देहाचे अनित्यत्व जाणावे, असे सतिपट्ठान सुत्त सांगते. परंतु ज्याला पोटासाठीच स्मशान गाठावे लागते, त्याने मरणाचा विचार कसा करावा? या प्रश्नाच्या प्रकाशात दोन कथा ताडून पाहण्यासारख्या आहेत.

दुसऱ्या शतकातील रोमन लेखक अपुलेयस याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कादंबरीत थेलिफ्रॉन नावाचा तरुण येतो. प्रवासात पैसे संपल्यामुळे तो एका रात्रीपुरती प्रेताची राखण पत्करतो. चेटकिणी प्रेताचे अवयव कुरतडून नेतात, अशी तेथे भीती असते. रात्री त्याला झोप लागते आणि प्रेताऐवजी त्याचेच नाक व कान जातात. मेजवानीत तो ही हकीकत सांगतो, तेव्हा मद्यधुंद पाहुणे हसत सुटतात.

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमाही असाच गरजू आहे. मुंबईच्या उपनगरातील खाण बंद पडते आणि हा धिप्पाड कामगार प्रेते उकरून सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची गमवावी लागतात. त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते आणि भीमा ढसाढसा रडतो.

हा शेवट योगायोगाचा वाटतो, असा आक्षेप घेता येईल. तथापि कथेचे मर्म याच योगायोगात आहे. भीमाला सोने नको होते, काम हवे होते. आणि काम आले तेव्हा ते करणारा हात उरला नव्हता. रोमन कथेत दरिद्री माणसाचे अवयव जाणे हा करमणुकीचा विषय होतो; अण्णाभाऊंच्या कथेत तो समाजावरील आरोप ठरतो.

निर्धनांना धन न मिळाल्याने दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा, असा क्रम चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात सांगितला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या आकस्मिक दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत उपपत्ती बुद्धीला पटणारी नाही, असे दाखविले. प्रेताचे दर्शन पुरेसे नाही. दुःखाचे कारण शोधावे लागते.

धानाचा हंगाम सरताच रोजीसाठी गाव सोडणारा मजूर गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला अपरिचित नाही. त्याला अनित्यतेचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या हाताला काम आहे काय, हे विचारणे हाही धम्मच होय. अण्णाभाऊंची कथा हा प्रश्न विचारावयास लावते, म्हणून ती आपल्या अभ्यासवर्गांत वाचली जावी.