‘आम्ही’ आणि ‘आपण’ : स्वतंत्र राज्याच्या वादातील सर्वनामांचा विचार

एखाद्या प्रदेशाने मोठ्या राज्यातून वा संघातून वेगळे व्हावे की नाही, या वादाची चर्चा आपल्याकडे बहुधा राज्यशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या अंगाने केली जाते. महसूल, सिंचन, नोकऱ्या, प्रतिनिधित्व हे तिचे विषय असतात आणि ते रास्तही आहे. परंतु असा वाद प्रथम भाषेत घडतो. ‘वेगळे व्हावे का?’ या प्रश्नाआधी ‘कोणी?’ हा प्रश्न उभा असतो आणि त्याचे उत्तर बहुधा एका सर्वनामाने दिले जाते. मराठीजवळ या बाबतीत एक सोय आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. प्रमाण हिंदीतील ‘हम’, छत्तीसगडीतील ‘हमन’ किंवा इंग्रजीतील ‘वुई’ हा भेद करीत नाहीत. मध्य भारतातील बोलचालीच्या हिंदीत ‘अपन’ आहे, हे खरे. पण व्यासपीठावरच्या भाषणात आणि छापील मजकुरात तो सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात हा व्याकरणिक भेद समीक्षेचे साधन म्हणून वापरून छत्तीसगड, विदर्भ आणि गोवा येथील वादांचा विचार करावयाचा आहे. हे तिन्ही वाद भारतीय संघराज्याच्या चौकटीतले आहेत; सार्वभौमत्वाचा प्रश्न त्यांत नाही. तथापि ‘आम्ही कोण?’ हा पेच दोन्ही प्रकारच्या वादांना समान आहे.

रायपुरात बसून हा विचार करण्यास एक कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेपासून १९५६ पर्यंत, काही काळ वगळता, या शहराची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जुना संसार मोडला. मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. दोन्ही प्रदेशांत वेगळ्या राज्याची मागणी त्याआधीपासून होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. छत्तीसगडची मात्र केली नव्हती. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडचे राज्य झाले, विदर्भाचे झाले नाही. या उलटफेराची राजकीय कारणे सर्वांना माहीत आहेत. दोन्ही प्रदेशांनी आपली मागणी कोणत्या वाङ्मयप्रकारातून मांडली, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

छत्तीसगडच्या मागणीचे एक प्रमुख प्रवर्तक डॉ. खूबचंद बघेल (१९००-१९६९) हे नाटककार होते, ही गोष्ट तुलनाकाराने दुर्लक्षू नये. जानेवारी १९५६ मध्ये राजनांदगाव येथे छत्तीसगढी महासभा स्थापन करणाऱ्या या नेत्याने त्याआधीच ‘ऊँच-नीच’ हे नाटक लिहून जातिभेदावर बोट ठेवले होते. बाहेरच्या अन्यायाविषयी बोलण्यापूर्वी आपल्या गावातील विषमता रंगभूमीवर आणणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला राजधानीसमोर ‘आम्ही’ म्हणावयाचे आहे, त्याने घरातल्या घरात ‘आपण’ म्हणता येते की नाही, हे आधी तपासले. छत्तीसगडी कोणाला म्हणावे याची बघेलांच्या नावे सांगितली जाणारी व्याख्या याच वृत्तीतून आली आहे. जो या प्रदेशाचे हित ते आपले हित आणि याचा मान तो आपला मान समजतो तो छत्तीसगडी, असा तिचा आशय आहे. जन्म, जात, मातृभाषा यांपैकी एकही अट तीत नाही. ती वंशाची व्याख्या नसून वर्तनाची आहे.

ही व्याख्या लागू पडेल असा सर्वांत ठळक लेखक तिच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. त्या मासिकात १९०१ मध्ये आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. जमीनदार वाड्याच्या विस्तारासाठी एका विधवेची झोपडी न्यायालयातून कायदेशीर मार्गाने बळकावतो. आपल्या घरीच जेवण्याचा हट्ट धरून बसलेल्या नातीसाठी चूल घालावी म्हणून म्हातारी झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढवण्यासाठी जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याच्याने टोपली उचलत नाही. मग ती विचारते की, एका टोपलीचा भार झेपत नाही, तर या साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा वाहशील?

या कथेत वेगळ्या राज्याचा मागमूस नाही आणि तो शोधणे ऐतिहासिक दृष्ट्या चुकीचे ठरेल. पण भूमीवरचा हक्क कशाने सिद्ध होतो, हा तिचा विषय आहे. जमीनदाराजवळ निकाल आहे. म्हातारीजवळ चूल आहे. विशेष म्हणजे कथेच्या शेवटी जमीनदाराला हद्दपार केले जात नाही. त्याला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो. म्हातारीचा युक्तिवाद ‘तू आमच्यातला नाहीस’ असा नसून ‘हा भार तुला पेलणार आहे का?’ असा आहे. बाहेरून आलेल्या भाषेच्या माणसाने या प्रदेशाचे नाव मासिकाला द्यावे आणि त्यातून ही कथा सांगावी, यातच बघेलांच्या व्याख्येचे पूर्वरूप दिसते.

विदर्भाची स्थिती नेमकी उलटी होती. येथे भाषा वेगळी नव्हती, त्यामुळे भाषिक ‘आम्ही’ उपलब्ध नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाला १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनात बळ मिळाले आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरचेच संपादक-कादंबरीकार होते. एकीकरणाची भाषा सर्वस्वी ‘आपण’ची होती. २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार हे त्या ‘आपण’चे लेखी आश्वासन होय. पुढे विदर्भाची तक्रार प्रकट झाली ती मुख्यतः अहवालांतून. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये मोजला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटींचा होता. ‘अनुशेष’ हा शब्द येथे वाङ्मयीन प्रतिमेचे काम करतो. ‘आपण’ म्हणणाऱ्याकडून येणे असलेली ती बाकी आहे. मात्र आकडा भरून निघू शकतो, निदान तसे म्हणता येते. म्हणून अनुशेषावर उभा असलेला ‘आम्ही’ दर अंदाजपत्रकाला नव्याने सिद्ध करावा लागतो. ‘आपण’ हे सर्वनामही निष्पाप नाही, हा विदर्भाचा धडा आहे. ऐकणाऱ्याची संमती न विचारता त्याला सामावून घेण्याची सोय त्यात आहे.

गोव्याने हीच गोष्ट अधिक तीव्रतेने दाखवली. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्रात जाऊ नये, हा प्रचार कोकणी गीतांतून झाला तसाच ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातूनही झाला. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतच होते. ज्या भाषेच्या आधारे ‘आपण’ म्हटले जात होते, त्याच भाषेत ‘आम्ही’ असे उत्तर देण्यात आले. एक भाषा म्हणजे एक राज्य, हे समीकरण मराठी समीक्षेने बराच काळ गृहीत धरले. त्याला मराठीतूनच मिळालेला हा सर्वांत स्पष्ट नकार म्हणावा लागेल.

हा पेच आपल्यापुरता नाही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी जे सार्वमत झाले, त्यात मताधिकार जन्मावर नव्हे, वास्तव्यावर ठरला. इंग्लंडात राहणाऱ्या स्कॉट माणसाला मत नव्हते, एडिंबरोत राहणाऱ्या इंग्रजाला होते. त्याच्या दोन वर्षे आधी कादंबरीकार अॅलस्डेर ग्रे यांनी एका निबंधात बाहेरून आलेल्यांची ‘वसणारे’ आणि ‘वसाहतवादी’ अशी विभागणी केली व तीवर मोठे वादळ उठले. ग्रे स्वातंत्र्याचे समर्थक होते. पण मतदारयादीने जो ‘आपण’ मान्य केला, त्याच्याशी त्यांच्या निबंधातील ‘आम्ही’ जुळत नव्हता. कायदा लेखकापेक्षा उदार ठरल्याचे हे उदाहरण तुलनाकाराने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. राज्ये सर्वनामांनी होत नाहीत. छत्तीसगड झाले ते मध्य प्रदेश विधानसभेची संमती होती आणि दिल्लीतील प्रमुख पक्षांची सोय होती म्हणून. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. सर्वनामांच्या वाचनातून राज्य का झाले, हे कळणार नाही. झालेले राज्य कोणाचे, हे मात्र त्यातूनच कळते.

आणि हा प्रश्न २००० साली संपलेला नाही. २००७ मध्ये छत्तीसगडीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा विधानसभेने संमत केला, ही न्याय्य गोष्ट झाली. परंतु बस्तरमध्ये गोंडी आणि हलबी आहेत. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात हलबीचा समावेश मराठीच्या खंडात केला होता. छत्तीसगडीची जागा पूर्वी हिंदीच्या खंडात होती. भोपाळच्या दृष्टीने जी ‘बोली’ होती ती रायपुरात राजभाषा झाली. आता रायपूरच्या दृष्टीने जगदलपूरची भाषा काय आहे? ‘छत्तीसगढिया सबले बढिया’ ही घोषणा भिंतीभिंतीवर दिसते. तीत गौरव आहे, पण छत्तीसगडी कोण याची व्याख्या नाही. आणि व्याख्येविना गौरव उरला की तो जन्माच्या दाखल्याकडे वळण्यास वेळ लागत नाही.

वेगळे होण्याच्या मागणीचे मूल्यमापन करताना दोन कसोट्या लावाव्यात, असे मला वाटते. जो मोठा घटक ‘आपण’ म्हणतो, त्याने समोरच्याची संमती विचारली आहे काय? आणि जो लहान घटक ‘आम्ही’ म्हणतो, त्याला स्वतःच्या सीमेच्या आत ‘आपण’ म्हणता येते काय? पहिल्या कसोटीवर नागपूर करार अपुरा पडला. दुसऱ्या कसोटीवर बघेलांची व्याख्या उतरते. तिच्या नावाने उभे राहिलेले राज्य उतरते की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसापेक्षाही बस्तरमधील गोंडी आणि हलबी बोलणाऱ्यांचा आहे. त्यांचे लेखन आपल्या तुलनेच्या कक्षेत येईपर्यंत हा विचार अर्धाच राहील.